'ड्रॅक्युलाची कन्या' : एका उत्तरकथेचें बलाबल

एखादी गोष्ट रंगली कीं "पुढें काय झालें?" असें विचारल्यावांचून ऐकणाराचें मन राहत नाहीं. आजीच्या तोंडून ऐकलेल्या कहाणीपासून तों थेट नाटक-चित्रपटांपर्यंत हा प्रश्न मनुष्याच्या मागें लागलेला आहे. भवभूतीनें महावीरचरितांत रामाचा पराक्रम वर्णिला आणि पुढें उत्तररामचरित लिहिलें. रसिकांनीं दुसऱ्यालाच पहिला मान दिला. याचें कारण उघड आहे. कवीनें रावणाला पुन्हां उठवून नवें युद्ध मांडलें नाहीं. युद्ध जिंकून आलेल्या रामाच्या अंतःकरणांत जें दुःख शिल्लक राहिलें होतें त्याला त्यानें वाचा फोडली. उत्तरकथेचा खरा धर्म हाच होय. पूर्वकथेंत जें सांगावयाचें राहून गेलें तें तिनें सांगावें. जें सांगून झालें त्याची उजळणी करीत बसूं नये.

हा धर्म पाळणें कोणत्याहि लेखकास अवघड आहे. भयकथेच्या लेखकास तर तें फारच अवघड जातें. भयाचें मूळ अज्ञानांत असतें. अंधाऱ्या माजघरांत कांहीं तरी हललें एवढ्यानें अंगावर कांटा उभा राहतो. दिवा आणल्यावर तेथें मांजर निघो कीं भूत निघो, तो पहिला कांटा पुन्हां येत नाहीं. आणि भयकथेचा दुसरा भाग तर दिवा लागल्यानंतरच सुरू व्हावयाचा असतो! प्रेक्षकाला भूत ठाऊक, त्याच्या खोडी ठाऊक आणि त्याला मारण्याचा उपायहि ठाऊक. अशा प्रेक्षकाला पुन्हां भिववावें कसें?

या प्रश्नाला १९३६ सालीं अमेरिकेंतील युनिव्हर्सल कंपनीनें एक उत्तर दिलें. त्या उत्तराचें नांव 'ड्रॅक्युलाज डॉटर', म्हणजे ड्रॅक्युलाची कन्या. सत्तर-एकाहत्तर मिनिटांचा हा बोलपट आपल्या काळांतील सर्वोत्तम चित्रपटांत कोणी गणीत नाहीं. पण तो विसरलाहि गेलेला नाहीं. त्याच्यांत एक मोठी कल्पना आहे आणि ती कल्पना शेवटास नेण्याचें धैर्य नाहीं. असें कां झालें, हें समजून घ्यावयाचें तर प्रथम त्याच्या वडिलांचा, म्हणजे पहिल्या ड्रॅक्युलाचा, इतिहास पाहिला पाहिजे.

ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगराळ मुलुखांतील हा एक सरदार. मरून शतकें लोटलीं तरी तो मेलेला नाहीं. दिवसा शवपेटींत निजावें, रात्रीं उठून जिवंत माणसांचें रक्त प्यावें, आणि आपल्या दंशानें बळीलाहि आपल्याच जातींत ओढावें, असा त्याचा क्रम. आपल्याकडील समंधाहून हा निराळा. समंध बहुधा एखाद्या वाड्याला किंवा धनाच्या हंड्याला जखडलेला असतो; ती जागा टाळली म्हणजे माणूस वांचतो. ड्रॅक्युला मात्र मायभूमीची माती पेट्यांत भरून जहाजानें इंग्लंडास येतो आणि लंडनच्या प्रतिष्ठित समाजांत राजरोस वावरतो. घर बदलून त्याच्यापासून सुटका होत नाहीं, हीच त्याच्या भयाची गोम आहे.

स्टोकर १९१२ सालीं वारला. त्याची विधवा फ्लॉरेन्स हिनें त्याच्या कांहीं लघुकथा १९१४ मध्यें पुस्तकरूपानें छापल्या. त्यांतील एकीचें नांव 'ड्रॅक्युलाज गेस्ट', म्हणजे ड्रॅक्युलाचा पाहुणा. ही बाई आपल्या हक्कांविषयीं फार जागरूक होती. १९२२ सालीं जर्मनींत दिग्दर्शक मुर्नाव यानें परवानगीवांचून 'नोस्फेराटू' हा मूकपट काढला, तेव्हां तिनें त्या कंपनीला न्यायालयांत खेंचलें आणि १९२५ मध्यें त्या मूकपटाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळविला. कांहीं प्रती वांचल्या, म्हणूनच तो आज आपल्याला पाहतां येतो. पुढें हॅमिल्टन डीन यानें इंग्लंडांत १९२४ सालीं कादंबरीचें नाटक रंगभूमीवर आणलें. जॉन बॉल्डरस्टन यानें त्यांत फेरफार केल्यावर तें १९२७ सालीं न्यूयॉर्कला आलें. तेथें ड्रॅक्युलाची भूमिका बेला लुगोसी या हंगेरियन नटानें केली. त्याचा काळा झगा, त्याची संथ बोलण्याची धाटणी आणि रोखून पाहण्याची तऱ्हा लोकांच्या मनावर अशी ठसली कीं फेब्रुवारी १९३१ मध्यें टॉड ब्राउनिंग याचा बोलपट निघाल्यावर ड्रॅक्युला म्हणजे लुगोसी हें समीकरण कायमचें ठरून गेलें.

या पहिल्या बोलपटाचा शेवट लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पिशाच्चविद्येचा जाणता प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग शवपेटींत निजलेल्या ड्रॅक्युलाच्या हृदयांत लांकडी मेख ठोकतो. आपल्याला ती मेख दिसत नाहीं. एक कण्हणें तेवढें ऐकूं येतें. नायक-नायिका जिना चढून उजेडांत निघून जातात. खलपुरुष संपला आणि त्याच्याबरोबर कथाहि संपली. मग दुसरा भाग आणावयाचा कोठून?

असल्या पेंचांतून वाट निघते, हें त्याच कंपनीनें १९३५ सालीं दाखवून दिलें होतें. १९३१ सालच्याच 'फ्रँकेन्स्टाइन' या बोलपटांत मनुष्यनिर्मित राक्षस जळत्या पवनचक्कींत मेला असें सर्वांना वाटलें होतें. दिग्दर्शक जेम्स व्हेल यानें 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' या दुसऱ्या भागांत त्याला चक्कीखालच्या पाण्यांतून बाहेर काढलें. पण व्हेल एवढ्यावर थांबला नाहीं. त्यानें त्या मुक्या प्राण्याला बोलतें केलें. रानांतल्या आंधळ्या साधूच्या झोंपडींत त्याला मैत्री या शब्दाचा अर्थ कळला, आणि मग त्यानें आपल्यासाठीं सोबतीण मागितली. ही मागणी मेरी शेलीच्या १८१८ सालच्या मूळ कादंबरींतच होती. पहिल्या बोलपटानें ती वापरली नव्हती. पूर्वकथेंत शिल्लक राहिलेलें धन उत्तरकथेनें उकरून काढलें, म्हणून ती पूर्वकथेहूनहि सरस ठरली.

ड्रॅक्युलाच्या बाबतींत असें शिल्लक धन होतें काय? स्टोकरच्या त्या लघुकथेंत एका मृत काउंटेसची समाधि येते, बर्फाळ वादळांत भटकलेला एक प्रवासी येतो, आणि गोष्ट संपते. तींत ड्रॅक्युलाला मुलगी असल्याचा उल्लेखहि नाहीं. तरी या कथेचे हक्क १९३३ सालीं डेव्हिड सेल्झनिक या निर्मात्यानें फ्लॉरेन्स स्टोकरकडून घेतले. त्या वेळीं तो मेट्रो-गोल्डविन-मायर या कंपनींत होता. बॉल्डरस्टननें त्याला एक आराखडाहि लिहून दिला. पुढें ते हक्क युनिव्हर्सलकडे आले, पण त्यांच्याबरोबर एक मुदत आली. त्या मुदतींत चित्रीकरण सुरू झालें नाहीं तर हक्क परत जावयाचे होते. ही मुदत एकदां वाढवून घ्यावी लागली आणि अखेर ती फेब्रुवारी १९३६ वर येऊन ठेपली.

दरम्यान पटकथेची ओढाताण चाललेली होती. दिग्दर्शनासाठीं प्रथम व्हेलचें नांव घेतलें जात होतें. लेखन 'जर्नीज एंड' या गाजलेल्या युद्धनाटकाचा कर्ता आर. सी. शेरिफ याच्याकडे होतें. ड्रॅक्युला मूळांत पिशाच्च झाला कसा, येथपासून गोष्ट सांगण्याचा शेरिफचा बेत होता. परंतु जुलै १९३४ पासून अमेरिकेंतील चित्रपटांवर नीतिनियमांची कडक अंमलबजावणी सुरू झाली होती, आणि त्या खात्याचा प्रमुख जोसेफ ब्रीन यानें शेरिफचे खर्डे एकामागून एक नापसंत केले. व्हेल दुसऱ्या कामाकडे वळला. शेवटीं गॅरेट फोर्ट यानें नवी पटकथा हातीं घेतली आणि दिग्दर्शन लॅम्बर्ट हिलियर याच्याकडे गेलें. घोडेस्वारांच्या नि पिस्तुलबाजांच्या चित्रपटांत या हिलियरची हयात गेलेली होती. फेब्रुवारीच्या आरंभीं चित्रीकरणाला हात घातला तेव्हां पटकथा पुरी झालेली नव्हती.

तिकडे कंपनीच्या पायाखालची जमीनहि सरकत होती. कार्ल लेम्ले या वृद्ध संस्थापकानें १९१२ पासून वाढविलेली ही संस्था कर्जांत रुतली होती. सावकारांनीं साडेसात लाख डॉलरांच्या कर्जापोटीं मार्च १९३६ मध्यें मालकीचा हक्क बजावला आणि लेम्ले पितापुत्र आपल्याच वास्तूंतून बाहेर पडले. 'ड्रॅक्युलाची कन्या' त्याच महिन्यांत पुरी झाली आणि मे महिन्यांत पडद्यावर आली. तिच्यावर सुमारें पावणेतीन लाख डॉलर खर्च झाले. तेव्हां हा बोलपट मुदतीच्या धाकानें जन्मला, नियमांच्या कात्रींत वाढला आणि घर मोडत असतांना बाहेर पडला, असेंच म्हटलें पाहिजे. हा इतिहास ध्यानांत ठेवूनच त्याचे गुणदोष पाहणें न्यायाचें होईल.

आतां गोष्टीकडे वळूं. पहिल्या बोलपटाचा शेवट जेथें झाला त्याच क्षणीं हा सुरू होतो. दोन शिपाई तळघरांत शिरतात. जिन्याच्या पायथ्याशीं एक प्रेत, शवपेटींत छातींत मेख ठोकलेलें दुसरें प्रेत, आणि शेजारीं शांतपणें उभा असलेला एक म्हातारा प्रोफेसर. "हा माणूस मीं मारला, पण तो पांचशें वर्षांपूर्वींच मेलेला आहे," अशा अर्थाचें तो सांगतो. शिपाई त्याला पकडून नेतात. भयकथेच्या शेवटीं आपण ज्याला मुक्तिदाता म्हणून पाहिलें तो कायद्याच्या दृष्टीनें खुनी ठरतो. ही सुरुवात फार मार्मिक आहे. विजयाची किंमत कोणी तरी भरावी लागते, ही गोष्ट पूर्वकथेनें सांगितली नव्हती.

त्याच रात्रीं काळा वेष केलेली एक स्त्री पोलीस-ठाण्यांत येते. आपल्या अंगठीच्या चमकेनें पहारेकऱ्याला भुलविते आणि ड्रॅक्युलाचें प्रेत घेऊन जाते. ही काउंटेस मारिया झालेस्का. रानांत चिता रचून ती बापाचें प्रेत जाळते. मीठ टाकून मंत्र म्हणते. क्रूस हातांत धरून तो उंचावते, पण तिला स्वतःला त्याकडे पाहवत नाहीं. ती तोंड फिरविते. बापाचा देह जळाला कीं आपल्या रक्तांतला शापहि जळेल, आपण पुन्हां साध्या माणसासारख्या जगूं, अशी तिची आशा आहे. पुत्रानें पित्याचा अग्निसंस्कार करावा तो पित्याच्या सद्गतीसाठीं. ही कन्या तो करते स्वतःच्या सुटकेसाठीं. चित्रपटाचा पहिला आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे ही कल्पना. पहिल्या ड्रॅक्युलाला आपल्या पिशाच्चपणाचें दुःख नव्हतें. होता तो दर्प होता. येथें प्रथमच पिशाच्च स्वतःला भितें. आपण प्रेक्षक आतांपर्यंत दाराच्या अलीकडे बसून पलीकडच्या पावलांना भीत होतों. या बोलपटानें आपल्याला दाराच्या पलीकडे नेऊन बसविलें.

दुसरा गुण या कल्पनेच्या मांडणींत आहे. प्रेत जाळून आल्यावर काउंटेस वाद्यापाशीं बसते आणि आईनें म्हटलेलें जुनें गाणें वाजवूं लागते. आपण सुटलों असें ती आपला नोकर सँडॉर याला सांगते. संध्याकाळच्या शांत सांवल्या आठवतात, असें ती म्हणते. त्या सांवल्या दुष्ट आहेत असें तो म्हणतो. तिला झाडांवर पांखरांचे पंख ऐकूं येतात. तो ते वटवाघळांचे ठरवितो. दूर कुत्रें भुंकत आहे असें तिनें म्हणावें, तर जवळपास लांडगे आहेत म्हणून तें भुंकतें असें त्यानें उत्तर द्यावें. बोलतां बोलतां तिच्या बोटांखालचा सूर आपोआप काळवंडत जातो. या प्रसंगांत रक्ताचा थेंब नाहीं, किंकाळी नाहीं. तरी एका जिवाची आशा डोळ्यांदेखत विझतांना आपण पाहतों. १९३१ च्या बोलपटांत संगीत जवळजवळ नव्हतेंच; येथें तें पात्राच्या मनाचा आरसा झालें आहे. छायाचित्रण जॉर्ज रॉबिन्सन याचें आहे. १९३१ सालीं ब्राउनिंगचा बोलपट दिवसा घेतला जात असतां त्याच देखाव्यांवर रात्रीं स्पॅनिश भाषेंतला ड्रॅक्युला घेतला गेला, तोहि या रॉबिन्सननेंच टिपला होता. धुकें, जळती चिता आणि काळ्या वस्त्रांतून उजळून निघणारा फिकट चेहरा यांवर त्याचा हात बसलेला दिसतो.

तिसरा गुण ग्लोरिया होल्डन या नटीचा. ही भूमिका तिला मनापासून नको होती, असें सांगतात. लुगोसी जसा ड्रॅक्युलांत अडकून पडला तसें आपलेंहि होईल, ही तिची धास्ती होती. पण ती नाखुषी पडद्यावर उलट उपकारक ठरली. आपल्या वांट्यास आलेल्या कर्माचा वीट आलेली स्त्री तिनें जशी उभी केली तशी उत्साही नटीला क्वचितच साधली असती. तिचे डोळे कोणाला भीति घालण्यापेक्षां कोठें तरी आधार शोधीत असल्यासारखे वाटतात.

चौथा गुण काळाला धरून आहे. मंत्रानें भागलें नाहीं तेव्हां काउंटेस विज्ञानाकडे वळते. डॉक्टर जेफ्री गार्थ हा मनोविकारांचा वैद्य आहे. मोहापासून पळूं नये, त्याच्या समोर उभें राहून त्याला जिंकावें, असें त्याचें मत. दारुड्याला बाटलीसमोर बसवावें, असा त्याचा दृष्टान्त. काउंटेसला हा उपाय पटतो. चित्रकर्तीचा तिचा व्यवसाय. सँडॉर रस्त्यावरून लिली नांवाच्या एका दीन मुलीला चित्राला बसण्यासाठीं म्हणून घेऊन येतो. थंडीनें आणि भुकेनें गांजलेली ती मुलगी शेगडीपुढें उभी आहे, आणि आपला मोह आपण जिंकूं म्हणून काउंटेस धडपडते आहे. शेवटीं मोह जिंकतो. काउंटेस अंगठी पुढें करते. कॅमेरा वर भिंतीवरील एका विक्राळ मुखवट्याकडे वळतो आणि किंकाळी ऐकूं येते. ब्रीनच्या कचेरीनें या प्रसंगाला फार हरकत घेतली, कारण एका स्त्रीला दुसऱ्या स्त्रीविषयीं वाटणाऱ्या ओढीची छटा त्यांत उघड होती. प्रसंग पुन्हां लिहून सौम्य करावा लागला. तरी छटा पुसली गेली नाहीं. चित्रपटाचा हा कळसाध्याय.

येथवर पाहिलें तर उत्तरकथेनें आपला धर्म उत्तम पाळला आहे. शापित कुळांत जन्मलेल्या जिवाला इच्छेच्या बळावर मोकळें होतां येईल काय, हा प्रश्न तिनें उभा केला. हा प्रश्न पिशाच्चांपुरता नाहीं. बापाचें व्यसन, घराण्याचा कलंक, रक्तांतून आलेला रोग यांच्याशीं झगडणारीं माणसें कोणत्या गांवांत नाहींत? भयकथेला असा प्रश्न सांपडणें हें तिचें भाग्य.

परंतु प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर देण्याची वेळ आली तेव्हां बोलपटाचा धीर सुटला. दोषांची सुरुवात येथून होते. काउंटेस गार्थला आपल्याबरोबर चलण्याची गळ घालते. तो खरें ओळखून नकार देतो. त्याबरोबर ती एकाएकीं जुन्या सांच्यांतली खलनायिका बनते, त्याची सेक्रेटरी जॅनेट हिला पळवून ट्रान्सिल्व्हेनियाच्या किल्ल्यावर नेते आणि तिच्या जिवाच्या बदल्यांत गार्थनें पिशाच्चयोनि पत्करावी असा सौदा मांडते. चार घटकांपूर्वीं जी मुक्तीसाठीं तडफडत होती तिला आतां फक्त जोडीदार हवा आहे! असें परिवर्तन होऊं शकत नाहीं असें नव्हे. निराशेंतून माणूस पापालाच मिठी मारतो. पण तो प्रवास दाखवावा लागतो. येथें तो दोन प्रसंगांमधल्या फटींत गडप झाला आहे. चित्रीकरण सुरू करतांना पटकथा अपुरी होती, त्याची खूण या सांध्यावर स्पष्ट दिसते.

दुसरा दोष पूर्वकथेशीं असलेल्या नात्यांतला. व्हॅन हेल्सिंगवर खुनाचा आरोप आहे. त्याची साक्ष देणारीं माणसें, पहिल्या बोलपटांतील डॉक्टर सेवर्ड, हार्कर आणि मिना, हीं सर्व जिवंत आहेत. पण त्यांचें कोणी नांवहि काढीत नाहीं. प्रोफेसर वकील न देतां आपला जुना विद्यार्थी गार्थ यालाच बोलावतो, कारण गोष्टीला गार्थची गरज आहे. प्रोफेसरच्या नांवाचासुद्धां येथें 'व्हॉन हेल्सिंग' असा बदल होऊन बसला आहे. दोन्ही बोलपटांत एडवर्ड व्हॅन स्लोन हा एकच नट आहे, म्हणून प्रेक्षकाला ओळख पटते इतकेंच. उत्तरकथेनें पूर्वकथेंतील वाटेल तें वगळावें. पण तिच्याच पायावर इमला चढवावयाचा आणि त्याच पायाचे चिरे काढून घ्यावयाचे, हें बरें नव्हे.

तिसरा दोष विनोदाचा. भयाच्या ताणावर उतारा म्हणून थोडा विनोद हवा, हें व्हेलला उत्तम ठाऊक होतें; त्याचा विनोद स्वतःच किंचित् विषारी असे. येथें भित्रे शिपाई आणि गार्थ-जॅनेट यांचीं लटकीं भांडणें हीं दुसऱ्याच एखाद्या हलक्याफुलक्या बोलपटांतून उचलून आणल्यासारखीं वाटतात. काउंटेसच्या शोकावर आपलें मन स्थिर होतें न होतें तोंच हीं मंडळी येऊन तें विस्कटून टाकतात.

चौथा दोष नात्याच्या संदिग्धतेचा. काउंटेस ड्रॅक्युलाची औरस कन्या कीं त्याच्या दंशानें त्याच्या योनींत आलेली मानसकन्या? तिला आईचें गाणें आठवतें, यावरून पहिलें वाटतें. ती शंभर वर्षांपूर्वीं मेली असें शेवटीं प्रोफेसर सांगतो, यावरून दुसरें वाटतें. सर्व कथा ज्या वारशावर उभी, तो रक्तानें आला कीं संसर्गानें आला, हें ठरल्यावांचून सुटकेचा प्रश्न तरी धड कसा मांडावा? जन्मानें आलेल्या शापाचें दुःख एक, दुसऱ्यानें लादलेल्या शापाचें दुःख दुसरें.

आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे खुद्द ड्रॅक्युला. लुगोसीला या बोलपटासाठीं चार हजार डॉलर मिळाले. मूळ ड्रॅक्युलासाठीं त्याला मिळाले होते साडेतीन हजार! पण पटकथा बदलत बदलत त्याची भूमिकाच उडाली आणि शवपेटींत त्याच्याऐवजीं मेणाचा पुतळा आला. चितेवर जळतो तो हाच. तरीहि बोलपट आपल्या मूळ पुरुषाचें नांव सोडीत नाहीं. मेजवानींत मद्याचा पेला नाकारतांना काउंटेसच्या तोंडीं लुगोसीचेंच गाजलेलें वाक्य येतें. शेवटची धांव त्याच्याच किल्ल्याकडे घेतली जाते. नांव बापाचें, वाडा बापाचा, बोलणें बापाचें; आणि बाप मात्र कोठें नाहीं. त्यामुळें भिणाऱ्या प्रेक्षकाला पुरेसें भय मिळत नाहीं आणि रडणाऱ्या प्रेक्षकाला पुरेसें दुःख.

शेवट तर फारच घाईचा आहे. सँडॉरला अमरत्वाचें वचन मिळालेलें होतें. तें गार्थला जाणार असें दिसतांच तो मत्सरानें काउंटेसवर बाण सोडतो. लांकडी बाण तिच्या छातींत घुसतो आणि ती मरते. पुढच्याच क्षणीं पोलीस सँडॉरला गोळी घालतात. काउंटेस स्वतः मुक्त झाली नाहीं, कोणी तिला मुक्त केलें नाहीं. एका हेवेखोर नोकरानें तिला संपविलें. गार्थची चिकित्सा फसली कीं मुळांत खोटी होती, याचा निवाडा होत नाहीं. आपल्या शेगडीपुढें ज्या मुलीचा बळी गेला तिच्या मरणाची जबाबदारी वैद्याच्या उपदेशावर कितपत येते, हें कोणी त्याला विचारीतहि नाहीं. खरें पाहतां बोलपटांतील अत्यंत भयंकर गोष्ट हीच होती: एका प्रामाणिक माणसानें सद्धेतूनें दिलेला सल्ला, आणि त्यानें गेलेला एक निरपराध जीव.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. या बोलपटानंतर युनिव्हर्सलनें भयपट बंद केले. नव्या मालकांना ते नको होते; इंग्लंडांतहि अशा चित्रपटांना विरोध वाढत होता आणि १९३७ सालीं तेथें त्यांच्यासाठीं 'एच' हें वेगळें प्रमाणपत्र सुरू झालें. १९३८ मध्यें जुने 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' एकत्र दाखविले तेव्हां अलोट गर्दी लोटली. मग १९३९ सालीं 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन' आला आणि मुलांची, नातवंडांची रांगच लागली. त्या रांगेंतील बहुतेकांनीं पूर्वजांचे कपडे घातले; त्यांचीं दुःखें क्वचितच कोणी विचारलीं.

'ड्रॅक्युलाच्या कन्ये'नें पेरलेलें बीज मात्र वायां गेलें नाहीं. आपल्या स्थितीचा वीट आलेलें, पापाची जाणीव असलेलें पिशाच्च ही कल्पना पुढें अमेरिकन लेखिका ॲन राइस हिच्या १९७६ सालच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' या कादंबरींत बहरास आली, आणि या जुन्या बोलपटाचें ऋण तिनें स्वतः मानलें आहे. १९९४ सालच्या 'नाजा' या चित्रपटानें तर हीच कथा नव्यानें मांडली. अर्धवट उच्चारलेला प्रश्नहि कधीं कधीं पूर्ण उत्तरापेक्षां दूर जातो, याचें हें उदाहरण होय.

तेव्हां या उत्तरकथेचें बलाबल तोलून पाहतां असें दिसतें कीं तिचें बळ आणि तिचें दौर्बल्य एकाच ठिकाणीं आहे. बापाला चितेवर ठेवण्याचें धाडस तिनें पहिल्याच दहा-पंधरा मिनिटांत केलें. तेंच तिचें बळ. चिता विझल्यावर मात्र ती त्याच राखेंत आपलें पोट भरण्याचें साधन शोधूं लागली. तेंच तिचें दौर्बल्य. काउंटेस जशी बापाला जाळूनहि सुटली नाहीं, तसाच हा बोलपटहि पूर्वजाच्या नांवावर जगण्याच्या मोहांतून सुटला नाहीं. परंतु सुटण्यासाठीं त्यानें केलेली धडपड खरी होती. म्हणूनच त्याहून अधिक नीटनेटके कित्येक भयपट विस्मृतींत गेले असतां, वाद्यापाशीं बसून संध्याकाळच्या सांवल्यांना शांत म्हणूं पाहणारी ती फिकट स्त्री अजून आपल्याला आठवते, आणि तिची भीति वाटण्याऐवजीं कींव येते.